कुत्रा चावलेली बाई

३ जानेवारी, सोमवार

"अकाली" या एका शब्दावरून दोन तास भांडलो. अकाली बाळंतपण म्हणजे सदतिसाव्या आठवड्याच्या आतलं की चौतिसाव्या? सर म्हणाले, "आत्ताच घट्ट बांधा. नंतर पळायला जागा ठेवू नका." बांधलं. चौतीस.

तर प्रश्न असा ठरला — ज्या बायकांचं बाळ आधी एकदा वेळेच्या फार आधी झालं किंवा गेलं, त्यांना दर आठवड्याला ते संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं तर पुढचं बाळंतपण लांबतं का? जगात यावर जेवढे अभ्यास झाले तेवढे सगळे शोधायचे, निकष लावून निवडायचे, आकडे एकत्र करायचे. आवडला तो घेतला, नावडला तो टाकला, असं चालणार नाही. नियम सगळे आधीच लिहायचे आणि आराखडा तारखेनिशी जाहीर करायचा. मग निकाल पाहून कुणी नियम फिरवले तर पकडला जातो.

मला हे काम म्हणूनच आवडतं. संशयी माणसांनी संशयी माणसांसाठी काढलेलं काम आहे. घरी मला म्हणतात, ही ताकसुद्धा फुंकून पिते. इथे त्याचाच पगार मिळतो.

संध्याकाळी धाकटीचा फोन. सातवा आठवडा! तिच्या नवऱ्याला आणि मला सोडून कुणालाही सांगितलेलं नाही. पहिलं विसाव्या आठवड्यात गेलं, दुसरं बाविसाव्या. तिची डॉक्टर म्हणते की सोळाव्यापासून हेच इंजेक्शन सुरू करता येईल, पण पुरावा धड नाही, तुम्हीच ठरवा. "ताई, तू तेच शोधतेयस ना? सोळाव्यापर्यंत सांगशील?"

सांगेन म्हटलं.

४ जानेवारी, मंगळवार

आराखड्यावर सह्या झाल्या. प्रत्येकाने लिहून द्यायचं होतं की या विषयात आपला खाजगी हितसंबंध नाही. मी "नाही" लिहिलं. बहीण म्हणजे काही औषध कंपनी नव्हे.

सरांनीही "नाही" लिहिलं. त्यांच्या खांद्यावरची पिशवी मात्र इंजेक्शनवाल्या कंपनीच्या परिषदेत मिळालेली आहे. नाव खरवडलंय, पण दिसतं.

१० जानेवारी, सोमवार

दुसरी तपासनीस आली. या कामात निवड दोघांनी करायची असते, वेगवेगळी, एकमेकांचं न बघता. मग निकाल जुळवून पाहायचे, नाही जुळले तर तिसऱ्याचं मत घ्यायचं. ही दुसरी मुलगी तिशीच्या आतली. बारीक अंगाची, त्याहून बारीक अक्षराची. जेवणाचा डबा खिडकीकडे तोंड करून खाते. मी मनातल्या मनात तिचं नाव मुंगी ठेवलं.

मी विचारलं, आधी कुठे होतीस? तिने दोन संस्थांची नावं सांगितली. मी विचारलं, का सोडलंस? म्हणाली, "तिथे घाई फार होती." एवढंच. पुढे काही विचारावं तर ती पुन्हा खिडकीकडे.

ग्रंथपाल बाईंनी शोध लावून दिला. सात ठिकाणी शोधलं, एकूण २,८४६ नोंदी. एकच पेपर दोन-तीन ठिकाणी सापडतो तसे काढून टाकले, उरले १,९११. बाई म्हणाल्या, "शब्द कमी टाकले असते तर तीनशेच आले असते. पण मग तुम्ही म्हणाला असतात, बाईंनी लपवलं." म्हणाले असते खरंच.

२० जानेवारी, गुरुवार

हो. नाही. नाही. नाही. बघू. नाही.

नुसती शीर्षकं आणि गोषवारे वाचून डोळे चुरचुरतात. उंदीर, मेंढ्या, जुळी, तिळी — सगळं "नाही". आज एकशे चाळीस झाले.

नवरा म्हणतो, "उद्यापासून भाजी आणायला दोघं स्वतंत्र जाऊ. घरी येऊन टोमॅटो जुळवू, नाही जुळले तर शेजारच्या काकूंना तिसऱ्या म्हणून बोलवू." हसले. पण खरं सांगायचं तर वाईट कल्पना नाही. टोमॅटो तो नेहमी दबलेलेच आणतो.

२ फेब्रुवारी, बुधवार

आज कुलूप उघडलं. आमचे दोघींचे निकाल शेजारी शेजारी मांडले. मतभेद चौसष्ट. एवढे होतातच. पण नीट पाहिलं तेव्हा माझं डोकं फिरलं — चौसष्टांतल्या एक्कावन्न ठिकाणी माझं "हो" आणि तिचं "नाही"! उलट फक्त तेरा.

योगायोग? माझा योगायोगावर विश्वास नाही. असा एकाच बाजूला तोल जातो तेव्हा कुणीतरी तराजूवर बोट ठेवलेलं असतं.

एकेक काढून बसलो. ती वाद घालत नाही, नियमाचा आकडा सांगते. "मॅडम, निकष चार." "मॅडम, निकष दोन, यांना आधी काही झालेलंच नव्हतं." मी म्हटलं, अगं, नियम आपण माणसांनीच लिहिलेत. तर म्हणाली, "हो, आणि तारीख टाकून जाहीर केलेत." जिभेला हाड नाही. एक्कावन्नपैकी त्रेचाळीस मला सोडावे लागले.

९ फेब्रुवारी, बुधवार

कँटीनमध्ये सर आणि मुंगी एका टेबलावर. ती बोलत होती. ती! बोलत! मी ट्रे घेऊन गेले तशी गप्प झाली आणि पाण्याचा ग्लास उगाचच पुसायला लागली. सर म्हणाले, "बसा ना." बसले नाही.

कुठेतरी पाणी मुरतंय.

१० फेब्रुवारी, गुरुवार

ग्रंथपाल बाईंना सहज विचारलं, ही मुलगी कुणाच्या ओळखीने आली? त्या म्हणाल्या, "जाहिरात दिली होती, परीक्षा झाली, पहिली आली." म्हणजे बाईंनाही माहीत नाही, किंवा सांगायचं नाही.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

पूर्ण पेपर वाचून झाले. अठ्ठावन्न वाचले, नऊ उरले. एकोणपन्नास का गाळले ते प्रत्येकापुढे लिहायचं — इथे "मनाला पटला नाही" हे कारण चालत नाही.

नवांतले दोन इंजेक्शनच्या बाजूने ठामपणे उभे आहेत. एक मोठा, ६४० बायकांचा, पाच हॉस्पिटलांचा. एक छोटा, २१२ बायकांचा, एकाच हॉस्पिटलचा, आणि त्यातला फायदा तर डोळे दिपवणारा. बाकीचे सात मिळमिळीत. धड हो नाही, धड नाही नाही.

धाकटीला आता तेरा आठवडे झाले. फोनवर भिंतीच्या रंगाबद्दल बोलली. मग म्हणाली, "विचारत नाहीये मी. नुसता फोन केला." तिचं न विचारणंच मला ऐकू येतं. मागच्या वेळी हॉस्पिटलातून तिला घरी आणलं तेव्हा गाडीत मागच्या सीटवर तिने माझा हात धरला होता आणि पूर्ण रस्ताभर एकच बोललेली — "आता लोकांना सांगायचं काम तू कर." मी केलं. सतरा फोन केले. पुन्हा ते काम माझ्याच्याने होणार नाही.

१ मार्च, मंगळवार

आता आकडे उतरवायचं काम. तेही दोघींनी वेगवेगळं. दोघींचे तक्ते जुळले की मगच एकत्र करायचे, तोवर निकाल कुणी बघायचा नाही.

माझे नऊही तयार. तिचे सात. राहिलेत कोणते? तेच दोन! मोठा आणि छोटा.

"का अडकलेत?"

"लेखकांना पत्र लिहिलंय मॅडम. उत्तराची वाट बघतेय."

"काय विचारलंस?"

"आलं की सांगते."

वा! इंजेक्शनच्या बाजूचे दोनच पेपर, आणि नेमके तेच हिच्या टेबलावर दाबून ठेवलेत. इंजेक्शन चाललं तर कुणाचं पोट दुखणार आहे? दुसऱ्या कुठल्या औषधाची कंपनी? आधीच्या दोन संस्थांना पैसे कोण देत होतं ते शोधायला हवं.

३ मार्च, गुरुवार

शोधलं. काही सापडलं नाही. फार स्वच्छ. इतकं स्वच्छ नसतं कुणी.

७ मार्च, सोमवार

आज सोळावा आठवडा लागला. धाकटीला परवा, बुधवारी, दवाखान्यात हो किंवा नाही सांगायचं आहे. आणि मुंगीचे दोन तक्ते अजून अडलेलेच.

दुपारी सगळे बैठकीला गेले तेव्हा मी खोलीत एकटी होते. फाईल उघडली. माझेच नऊच्या नऊ आकडे यंत्रात घातले आणि बटण दाबलं.

आडव्या नऊ रेघा आल्या, एकेका अभ्यासाची एकेक, आणि खाली सगळ्यांचा मिळून निकाल दाखवणारा तो हिऱ्यासारखा चौकोनी आकार. मधे उभी रेष असते. हिरा तिला शिवला तर औषध घ्या न घ्या सारखंच. तो शिवला नाही! पूर्ण डावीकडे, फायद्याच्या बाजूला. बारीक फट होती, पण होती.

मला माहीत आहे हे करायचं नसतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याची हजेरी घेतली असती. पण माझी बहीण परवा दवाखान्यात जाणार आणि ही बया पत्राच्या उत्तराची वाट बघत बसणार! फाईल बंद केली. जिन्यात जाऊन फोन लावला.

"घे," म्हटलं.

ती "बरं" म्हणाली.

९ मार्च, बुधवार

तिचा निरोप — "पहिलं घेतलं." दिवसभर हलकं वाटलं. मुंगीलासुद्धा चहा विचारला. ती चहा घेत नाही.

२२ मार्च, मंगळवार

आज फुटले एकदाची.

तिने सामायिक यादीत छोट्या अभ्यासापुढे लिहिलंय — "बहुधा वगळावा लागेल." बहुधा! कुठला निकष, ते नाही. मी तिच्या टेबलाशी गेले आणि सगळं बोलले. एक्कावन्न "नाही"चं, कँटीनचं, दाबलेल्या तक्त्यांचं. माझा आवाज पार बाहेरपर्यंत गेला असणार, कारण ग्रंथपाल बाई दारातून डोकावून गेल्या.

ती उभी राहिली, कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, "मॅडम, मलाही एक संशय आहे. पण नुसत्या संशयावर मी कुणाबद्दल बोलत नाही. पेपराबद्दलही नाही."

मग मी सरांकडे गेले. सांगितलं, ही कुणाच्या तरी सांगण्यावरून वागतेय. सर म्हणाले, "कुणाच्या?" मी म्हटलं, ते शोधायचंय. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शोधा," म्हणाले. "पण आराखडा लिहून शोधा."

चेष्टा करतात माझी.

२४ मार्च, गुरुवार

मुंगी सुट्टीवर. तिच्या टेबलावर फाईल उघडीच होती. मी काही खण उचकले नाहीत, नुसती उभी राहून पाहिली. दोन्ही पेपरांच्या प्रती शेजारी शेजारी. एका बाजूला वयांची रांग, दुसऱ्या बाजूला वयांची रांग, मधे टिकमार्क. आणि दोन्हींकडे पेन्सिलने एकेक शब्द गोलात — "कुत्रा".

कुत्रा!

या मुलीचं डोकं ठिकाणावर आहे का?

५ एप्रिल, मंगळवार

पत्राचं उत्तर आलं. तिने सरांना आणि मला बोलावलं, दोन्ही प्रती पुढे ठेवल्या आणि खालमानेने वाचून दाखवलं.

छोट्या अभ्यासात, शेवटच्या पानावर बारीक टाइपात — एक महिला कुत्रा चावल्यामुळे उपचारासाठी परगावी गेली, अठराव्या आठवड्यात अभ्यासातून बाहेर. मोठ्या अभ्यासात, सहा वर्षांनंतर, दुसऱ्या नियतकालिकात, लेखकांची नावं उलटसुलट — एक महिला कुत्रा चावल्यामुळे परगावी गेली, अठराव्या आठवड्यात बाहेर.

तीच बाई. तोच कुत्रा.

२१२ बायका वेगळ्या नव्हत्याच. मोठ्या अभ्यासातल्या पाच हॉस्पिटलांपैकी पहिल्या हॉस्पिटलच्याच त्या. त्यांचा निकाल भारी आला म्हणून आधी स्वतंत्र छापला, मग इतरांत मिसळून पुन्हा छापला, आणि कुठेही तसं सांगितलं नाही. लेखकांनी आता कबूल केलंय, दोन ओळींत. आम्ही त्यांना दोनदा मोजत होतो. म्हणजे — मी मोजत होते. मुंगीने थांबवून धरलं होतं.

आणि मी दोन्ही पेपर वाचले होते! अक्षर न् अक्षर. कुत्रा मला दोन्हीकडे भेटला होता. पहिल्यांदा तर मी हसलेही होते. दुसऱ्यांदा भेटला तेव्हा मी पानं भराभर उलटत होते.

तिचे तक्ते, माझे तक्ते जुळवले. छोटा काढला. रीतसर बटण दाबलं. हिरा सरकला आणि मधल्या रेषेवर जाऊन बसला. फरक नाही. वर दुसरा एक तक्ता — इंजेक्शन घेतलेल्यांत साखर वाढलेल्या बायका जास्त. फार नाहीत, पण जास्त.

सर म्हणाले, "छान काम." मुंगीला म्हणाले ते.

धाकटीची चार झालीत. उद्या पाचवं.

६ एप्रिल, बुधवार

फोन हातात घेतला, ठेवला. विसावा आठवडा चालू आहे तिचा. पहिलं याच आठवड्यात गेलं होतं. आज सांगू की मी चुकले, तुला काहीही उपयोग नसलेलं औषध टोचायला लावलं, वर साखर तपासून घे? घाबरून काही झालं म्हणजे?

दुपारी तिचा निरोप — "झालं पाचवं."

मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. मला माझी लाज वाटते.

८ एप्रिल, शुक्रवार

मुंगीला सगळं सांगितलं. बहीण, दोन गेलेली बाळं, सात मार्चची दुपार, ते "नाही" लिहिलेलं. दार लावून घेतलं होतं. मी रडले. ती खिडकीकडे तोंड करून ऐकत होती, डबा खाताना बसते तशीच.

मग म्हणाली, "सात मार्चला फाईल उघडल्याची नोंद आहे, मॅडम. दुपारी दोन वाजून वीस मिनिटं. मी तेव्हापासून तुमच्याकडे बघत होते."

"म्हणजे?"

"मला वाटलं, कंपनीने तुम्हाला काहीतरी दिलंय."

एकाच खोलीत, सहा पावलांवर, महिनाभर आम्ही दोघी एकमेकींचा खिसा मनातल्या मनात तपासत होतो! आणि ते कँटीन? ती सरांना विचारत होती की मॅडम माझ्यावर का रागावल्यात, माझं काय चुकलं. मला येताना पाहून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मी म्हटलं, आता काय करायचं? ती नियमाचा आकडा न सांगता बोलली, पहिल्यांदाच. माझे सगळे "हो" आणि सगळे तक्ते तिसऱ्या माणसाने नव्याने तपासायचे. अहवालात लिहायचं की एका तपासनिसाची जवळची नातलग हे औषध घेत होती आणि तिने निकाल वेळेआधी पाहिला. सरांना मी स्वतः सांगायचं.

"आणि तुमच्या बहिणीला?" म्हणाली.

मी डोळे पुसत राहिले.

"किती आठवडे झाले?"

"वीस."

ती उठली, माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि आपल्या टेबलाशी गेली.

९ एप्रिल, शनिवार

सरांना फोन करून सांगितलं. त्यांनी आधी तारखा लिहून घेतल्या. मग, "चार जानेवारीला सांगितलं असतंत तर तुम्हाला फक्त निवडीतून बाजूला ठेवलं असतं. आता लेखकांच्या यादीतलं नावही खाली जाईल." जाऊ दे. पिशवीबद्दल मी त्यांना काही विचारलं नाही. मला आता कुणाला काही विचारायचा हक्क नाही.

१० एप्रिल, रविवार

नवरा म्हणाला, "बुधवारी सहावं. तू फोनवर सांगणार की तिकडे जाऊन?"

"बाविसावा उलटू दे."

"तोवर अजून दोन टोचतील तिला."

हा माणूस भाजी वाईट आणतो, पण हिशेब बरोबर करतो. परवाची सुट्टी टाकली.

११ एप्रिल, सोमवार

काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा पहिल्या वाक्यात पुराव्याचा दर्जा आणि अभ्यासांची संख्या आली. फाडलं. तिला एवढंच कळायला हवंय की मी चुकले.

१२ एप्रिल, मंगळवार

सांगितलं. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, पोट दिसायला लागलंय. तिने माझं बोलून होऊ दिलं. मग माझा हात ओढून पोटावर ठेवला. आत हललं.

"ताई, मी एकही घेतलं नाही. तुला बरं वाटावं म्हणून कळवत होते."

माझा हात तिच्या पोटावरच राहिला.

"पडद्याचा रंग विचारला तरी तू अर्धा तास 'एकीकडे असं, दुसरीकडे तसं' करतेस. आणि त्या दिवशी नुसतं 'घे' म्हणालीस. मला तुझाच संशय आला."